दहावा काटा

रांजणवाडी आली की माणूस कामाचा राहत नाही, एका डोळ्याने काय एक्सेल बघणार. म्हणून दुपारी लॅपटॉपवर आयर्लंडमधल्या शाळकरी पोरांच्या जुन्या वह्या चाळत बसलो. 1937 ते 1939 मध्ये तिथल्या फोकलोर कमिशनने शाळांना सांगितलं, म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून आणा, आणि 50,000 च्या आसपास पोरांनी खरंच लिहून आणलं. भुतं, विहिरी, आणि औषधं तर विचारू नका.

रांजणवाडीवर म्हणे गूजबेरीचे दहा काटे तोडायचे, एक फेकून द्यायचा, उरलेले नऊ एकेक करून डोळ्याकडे रोखायचे, टोचायचे नाहीत हां, नुसते रोखायचे. मला तो फेकलेला दहावा काटाच आवडला. सरळ नऊ तोडले तर काय बिघडतं? पण नाही. आमची आजी तळहातावर बोट खसाखसा घासून गरम करून डोळ्याला लावायची, आणि मध्ये कुणी बोललं की परत पहिल्यापासून. बोट तर दादाही घासायचा, पण गुण यायचा आजीच्याच हाताला, कारण अट तिची होती. अट नसलेल्या औषधाला मी औषध म्हणतच नाही, ती नुसती गोळी.

आयरिश लोक यात आपल्या पुढे आहेत. मे महिन्यात तीनदा नेटल नावाच्या खाजऱ्या रानझाडाची भाजी खायची, रक्त साफ होतं. नेटल अंगाला लागलंच तर डॉक नावाच्या रानझाडाचं पान चोळायचं. खोकल्याला कॅरागीन, म्हणजे समुद्रातलं शेवाळ, दुधात उकळून. चामखीळ असेल तर तिच्यावर गोगलगाय चोळून ती काट्याला टोचून ठेवायची, ती वाळली की चामखीळ गळते (गोगलगायीला कोण विचारतो). आणि ज्याच्याकडे हातगुण आहे त्याला पैसे द्यायचे नाहीत, थँक्यूसुद्धा म्हणायचं नाही, नाहीतर गुण गेला. हे आजीला फार पटलं असतं, ती थँक्यूवर चिडायचीच.

मग मुलेनवर आलो. लवदार पानांचं झाड, पानं दुधात उकळून ते दूध टीबीच्या पेशंटला पाजायचं. इथे कुठलीच गंमत नाही, काटे नाहीत, मोजणी नाही. टीबीवर खरंच चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं 1943 मध्ये. म्हणजे ही पोरं वह्या लिहीत होती तेव्हा टीबी बरा करणारी गोळीच कुणाकडे नव्हती, डॉक्टरकडेसुद्धा.