निगेटिव्ह रिपोर्ट कुठून आणू?

कोविडच्या ओमायक्रॉनची लाट, जानेवारी २०२२. कॉलेजच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलच्या ग्रुपवर माझ्या पार्टनरचा मेसेज आला: ‘पॉझिटिव्ह आलोय. टेबलावरच्यांनी जपा.’ आणि तासभर आम्ही दोघं एकाच ब्युरेटवर, द्रव मोजायच्या काचेच्या नळीवर, वाकलेलो.

आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो, जुन्या वाड्याच्या अर्ध्या भागात, आणि घरात मधुमेहाची आजी. मला काहीच होत नव्हतं, तरी आईने त्याच रात्री मागची खोली रिकामी करून दिली. खिडकी बोळाकडे उघडते, हवा खेळती राहते. न्हाणीघर मात्र एकच. मग मी सगळ्यांच्या शेवटी जायचं, मास्क लावून, आणि निघताना नळ-कडी पुसून खिडकी सताड उघडी ठेवायची, असं ठरलं. झोपण्यापूर्वी कॉलेजच्या मॅडमना ईमेल केला: अमुक दिवशी संपर्क आला, आजपासून घरी आहे. पुढे याच ईमेलने तारलं.

टेस्टला लगेच धावले नाही. संपर्कानंतर दुसऱ्याच दिवशी निगेटिव्ह येण्याला फारसा अर्थ नसतो. शिवाय १० जानेवारीच्या सूचनेत आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हटलंच होतं की संपर्कातल्यांपैकी वय किंवा जुन्या आजारामुळे धोका असेल त्यांनीच टेस्ट करावी.

मग घसा खवखवू लागला, कणकण आली. बाबांनी मेडिकलमधून घरगुती अँटिजेन टेस्टचं किट आणलं. पंधरा मिनिटांनी एकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह. आत्या फोनवर म्हणाली, “सुटलीस गं!” पण लक्षणं असताना अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर, म्हणजे लॅबमधली टेस्ट, करायची असते. ती केली, पॉझिटिव्ह. आता आजी धोक्याच्या यादीत, म्हणून तिचीही केली. तिची निगेटिव्ह आली तेव्हा कुठे आईचा जीव भांड्यात पडला.

आजारपणाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पॅरासिटामॉल, गरम पाणी, झोप, आणि बोटाला ऑक्सिमीटर. रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ९३ टक्के किंवा त्याखाली गेलं तर दवाखाना, हे डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं. माझं कधी गेलं नाही. शेजारच्या काकू दुसऱ्या लाटेतल्या उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी ऐकूनच फटकारलं. सौम्य आजारात मनाने स्टेरॉइड घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे, पण काकूंना कोण सांगणार!

उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, सगळं गाव पतंग उडवत धाब्यावर, ‘ए काप्यो छे’चा गलका, आणि मी खाटेवर. आजीने दाराबाहेर स्टुलावर वाटी ठेवली आणि लांबूनच म्हणाली, “तिळगूळ घे. गोड मागाहून बोल, आधी मास्क लाव.”

खरी कटकट पुढेच. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पॉझिटिव्ह आल्यापासून किमान ७ दिवस झाले आणि सलग ३ दिवस ताप नसला की होम आयसोलेशन संपायचं. पुन्हा टेस्ट लागत नव्हती. पण परत यायचा अर्ज घेऊन गेले, तर कॉलेजच्या खिडकीवरचे कारकून भाई म्हणाले, “बेन, नेगेटिव रिपोर्ट लावो.” म्हटलं, भाई, बरं झाल्यावरही आरटी-पीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, मेलेल्या विषाणूचे तुकडेही त्यात पकडले जातात, मग मी काय परीक्षेपर्यंत घरी बसू? ते पुन्हा, “नेगेटिव लावो.”

वाद घालणं सोडलं. आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांची प्रिंट काढली, पुन्हा टेस्ट नको म्हणणाऱ्या ओळीवर पिवळा हायलायटर फिरवला. सोबत एसआरएफ क्रमांकाचा (टेस्टच्या नमुन्याच्या फॉर्मचा क्रमांक) लॅब रिपोर्ट आणि डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट जोडून थेट विभागप्रमुखांकडे गेले. सरांनी ती पिवळी ओळ वाचली आणि अर्जावर सही केली.

तरी हजेरी रिपोर्टच्या तारखेपासूनच माफ होत होती, आधीचे दिवस गैरहजर. तिथे तो पहिल्या रात्रीचा ईमेल दाखवला, त्यावरची तारीख बघून तेही दिवस धरले.

बुडालेल्या प्रॅक्टिकलसाठी वेगळी बॅच लागली. त्यात आम्ही सगळे आजारातून नुकतेच उठलेले, पार्टनरसकट. या वेळी टेबलावर एकेकटे, प्रत्येकाची ब्युरेट वेगळी.