वेलचीचा क्रम

साकीनाक्याच्या गाळ्यात आमच्याकडे चहाचे मिश्रण आणि पॅकिंग होते, आणि लेबलवरील मजकुराची जबाबदारी माझी आहे. लेबल एकदा छापले की काम संपले, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक बॅचचे कार्ड, म्हणजे कोणता घटक किती घातला याची नोंद, लेबलशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते.

त्या मंगळवारी वेलची चहाचे पॅकिंग चालू असताना मशीनवरच्या मावशी पाकीट घेऊन आल्या. "ताई, वास लई येतोय, पण वेलची कुठं दिसत नाही." मी पांढऱ्या ताटलीत चहा पसरला. कुटलेली वेलची असली की सीटीसीच्या, म्हणजे नेहमीच्या दाणेदार चहाच्या, दाण्यांत सालीचे फिकट हिरवट तंतू आणि बियांचे काळपट कण सहज दिसतात. इथे भिंगाखाली जेमतेम तीन तंतू सापडले. बाकी दाण्यांना पांढरी पूड चिकटली होती, म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिनवर (स्टार्चपासून केलेल्या पांढऱ्या पुडीवर) बसवलेला कृत्रिम स्वाद. 500 किलोच्या बॅचला 10 किलो वेलची आणि 2 किलो स्वाद हे आमचे प्रमाण. कार्डावर वेलची दीड किलो आणि स्वाद 4 किलो होता. वेलची महागली म्हणून खरेदी विभागाने हा बदल परस्पर केला होता आणि मला कळवण्याचीही त्यांना गरज वाटली नव्हती.

अन्नपदार्थांच्या 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. आमच्या पाकिटावर ‘चहा, वेलची, वेलचीचा कृत्रिम स्वाद’ असे छापलेले, आणि समोर टपोऱ्या वेलदोड्यांचे चित्र. मी मशीन थांबवले. मालक म्हणाले, "दोन शब्द मागंपुढं झाले, कोण वाचतंय? छापलेला रोल संपू द्या." गिऱ्हाईक त्याच शब्दांवर विश्वास ठेवून साध्या चहापेक्षा जास्त पैसे मोजते, हे मी त्यांना शांतपणे सांगितले, आणि चुकीच्या लेबलसाठी कायद्यात 3 लाखांपर्यंत दंड आहे, हेही. दुसरे कारण त्यांना लगेच पटले.

ती बॅच थांबली. मात्र नोंदवही पाहिली तेव्हा याच प्रमाणाच्या आधीच्या दोन बॅचेस दुकानांत गेलेल्या निघाल्या, आणि त्या दोन्ही कार्डांवर माझी सही आहे. तीन वर्षे प्रमाण बदलले नव्हते, म्हणून मी आकडे न ताडताच सही केली होती. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 28 प्रमाणे असा माल बाजारातून परत घ्यावा लागतो. तसे पत्र मी त्याच संध्याकाळी मालकांना दिले. उत्तर अजून आलेले नाही.