भारतीय पदवीवर जर्मनीत सॉफ्टवेअरची नोकरी: माझा अनुभव

जर्मनीत नोकरी शोधणाऱ्या भारतीय सॉफ्टवेअर अभियंत्याला दोन ठिकाणी स्वतःला सिद्ध करावे लागते. पदवी जर्मन पदवीच्या तोडीची आहे की नाही हे सरकार पाहते आणि हातातले काम येते की नाही हे कंपनी पाहते. एकीकडचा पुरावा दुसरीकडे फारसा उपयोगी पडत नाही, म्हणून २०२५ मध्ये मी दोन्ही कामे स्वतंत्रपणे हाती घेतली आणि पदवीचे काम आधी पूर्ण केले.

डॉक्टर किंवा परिचारिका यांना तेथे व्यवसायाचा परवाना घ्यावा लागतो, सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात तशी अट नाही. मात्र युरोपीय संघाचे ब्लू कार्ड, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारा वास्तव्य आणि नोकरीचा परवाना, पदवीच्या आधारे हवे असेल, तर ती जर्मन पदवीशी तुलना होण्याजोगी असल्याचा पुरावा जोडावा लागतो. त्यासाठी अनाबिन हा सरकारी माहितीसंच सर्वांना खुला आहे. त्यात विद्यापीठ आणि पदवी यांचा शोध वेगवेगळा घ्यायचा असतो: विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ हा, म्हणजे मान्यताप्राप्त असल्याचा, शेरा हवा आणि पदवीचीही समकक्ष म्हणून नोंद हवी. माझे महाविद्यालय संलग्न असल्यामुळे त्याचे नाव यादीत नव्हते. अशा वेळी घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण पदवी प्रमाणपत्र ज्या विद्यापीठाने दिले आहे त्याचे नाव शोधायचे असते. ते मला ‘एच प्लस’ शेऱ्यासह सापडले, परंतु माझ्या पदवीची नेमकी नोंद काही मिळाली नाही. तेव्हा परदेशी शिक्षणाचे मूल्यमापन करणाऱ्या बॉन येथील केंद्रीय कार्यालयाकडे मी शुल्क भरून अर्ज केला आणि पदवी प्रमाणपत्रासह गुणपत्रिका पाठवल्या. तेथून आलेल्या पत्रात माझी चार वर्षांची पदवी जर्मन बॅचलर पदवीच्या पातळीची असल्याचे स्पष्ट लिहिले होते. हे पत्र आयुष्यभर उपयोगी पडते, म्हणून पदवीची नोंद अर्धवट सापडणाऱ्या प्रत्येकाने ते घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांच्याकडे पदवी नाही, त्यांच्यासाठीही नोव्हेंबर २०२३ पासून मार्ग आहे. गेल्या सात वर्षांत माहिती तंत्रज्ञानातील किमान तीन वर्षांचा, पदवीधराच्या पातळीचा अनुभव असेल, तर त्या आधारे ब्लू कार्ड मिळू शकते.

पगाराची अट मात्र सर्वांनाच आहे. २०२५ मध्ये ब्लू कार्डासाठी वार्षिक ४८,३०० युरो आणि मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी ४३,७५९.८० युरो एवढा कर आणि कपातींपूर्वीचा किमान पगार ठरलेला होता. सॉफ्टवेअरचे काम दुसऱ्या गटात मोडते. ही मर्यादा दरवर्षी बदलते, त्यामुळे पगाराची बोलणी करण्यापूर्वी त्या वर्षाचा आकडा पाहून घ्यावा.

कंपन्यांचे वळण वेगळे होते. जर्मनीत नोकरी सोडताना कामाचे सविस्तर प्रशस्तिपत्र देण्याची पद्धत आहे, तर माझ्याजवळच्या कार्यमुक्तीच्या पत्रात फक्त पद आणि तारखा होत्या. मी पूर्वीच्या वरिष्ठांना विनंती केली आणि कोणत्या प्रणालीवर काम केले, कोणती जबाबदारी माझ्याकडे होती आणि तिचा परिणाम काय झाला, हे त्यांच्याकडून सविस्तर लिहून घेतले. पुढच्या बहुतेक मुलाखतींत बोलणे त्या पत्रातील एखाद्या वाक्यावरूनच सुरू झाले.

ज्या मुलाखतीतून नोकरी मिळाली, तिच्यात पदवीविषयी एक शब्दही निघाला नाही. डेटाबेसमधली एक संथ क्वेरी, म्हणजे माहिती शोधून काढण्याची आज्ञा, पडद्यावर दाखवून ती संथ का आहे, एवढेच त्यांनी विचारले. तक्त्यात किती नोंदी आहेत, त्या कोणत्या वेगाने वाढतात आणि ही माहिती दिवसातून किती वेळा लागते, हे मी आधी विचारून घेतले आणि मग शोध जलद करणारी सूची, म्हणजे इंडेक्स, कोणत्या स्तंभांवर व कोणत्या क्रमाने असावा ते मांडले. माझ्या उत्तराइतकेच माझे प्रश्नही ते टिपून घेत होते.

आमच्या गटाचे काम इंग्रजीतून चालते, तरीही मी संध्याकाळचा जर्मन वर्ग लावला आहे. ब्लू कार्डधारकाला ए१ या प्राथमिक पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, तर बी१ ही मध्यम पातळी गाठल्यास २१ महिन्यांनीच. माझी तयारी बी१ ची आहे.