१४ आडवा, तीन अक्षरी: माझा अनुभव

गेली सहा वर्षं मी रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवते. पहिला चहा, मग कोडं, मग कुकर. बहुतेक दिवशी वीस मिनिटांत होतं, कधी एखादं घर रिकामं राहतं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर बघून भरते. पण या १५ ऑगस्टच्या कोड्याने मला सहा दिवस छळलं. त्यात मदत कुठे मिळाली, कुठे नाही आणि मी स्वतः काय चुकले, ते लिहून ठेवते आहे. माझ्यासारखे कोड्यात अडकणारे खूप आहेत, त्यांना उपयोग होईल.

बाकी कोडं नेहमीसारखंच होतं. हत्ती दोन अक्षरी म्हणजे गज किंवा करी, रात्र चार अक्षरी म्हणजे विभावरी, तीन अक्षरी म्हणजे यामिनी किंवा रजनी. असे ठरलेले शब्द मी एका वहीत अक्षरांच्या संख्येप्रमाणे लिहून ठेवले आहेत. (विभावरी मोजून बघा, वि-भा-व-री चार होतात, यामिनी मात्र तीनच. यामिनीला चार घरं धरायची चूक मीही अनेक वर्षं करत होते. जोडाक्षर आणि मात्रेसकट अख्खं अक्षर एका घरात बसतं, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांना आधी सांगावं लागतं.)

अडलं ते १४ आडव्याला. खूण होती ‘मोटेतले पाणी जिथे ओततात ती जागा (३)’, म्हणजे उत्तर तीन अक्षरी. मी मुंबईत वाढलेली. मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायचं साधन, एवढंच माहीत. पण आजूबाजूची अक्षरं आली होती. मधलं ‘रो’ पक्कं होतं, कारण तिथून खाली ‘चंद्राची लाडकी पत्नी’ म्हणजे रोहिणी उतरत होती. पहिल्या घरात वरून येणारा शब्द होता ‘वेदना (२)’. मी लिहिलं पीडा. तिसऱ्या घरात वरून येत होता ‘लोचने (२)’. मी लिहिलं डोळा. झालं, डा-रो-ळा. डारोळा! ऐकायला किती खरा वाटतो हा शब्द. शेतीतलाच असणार, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. फक्त खात्री हवी होती.

दुसऱ्या दिवशी उत्तर बघू म्हटलं, तर १५ ऑगस्टला छापखान्याला सुट्टी, म्हणून १६ला पेपरच नाही. १७ला कोड्याच्या जागी फर्निचरची अर्धं पान जाहिरात. कोडंही नाही, उत्तरही नाही, दिलगिरीची एक ओळसुद्धा नाही. १८ला कोडं परत आलं आणि खाली उत्तर छापलं ते १४ तारखेच्या कोड्याचं, जे १५ला आधीच छापून झालं होतं! मला खरंच राग आला. ज्या माणसांनी पैसे देऊन पेपर घेतला, पेन्सिल घेऊन तासभर घालवला, त्यांचं एवढंसं देणं लागत नाही का?

मी कार्यालयात फोन केला. ऑपरेटरने संपादकीयला जोडला, तिथून पुरवणी विभागाला. तिथल्या मुलीने विचारलं, “कुठलं कोडं, सुडोकू का?” मी तारीख सांगितली, कोड्याचा क्रमांक सांगितला. मग पाच मिनिटं संगीत. मग एक गृहस्थ आले. ते म्हणाले, जाहिरात ऐनवेळी आली, जागा नव्हती, आणि कोडं बाहेरून बनून येतं, त्यामुळे उत्तर आमच्याकडे नसतं. कोडं करणाऱ्यांचा नंबर देता येत नाही. मेल करा. मी मेल केला, कात्रणाचा फोटो जोडला. आजपर्यंत त्याचं उत्तर नाही. तुम्ही फोन करणार असाल तर तारीख सांगत बसू नका, कोड्याचा क्रमांक सांगा. तारखेने त्यांचा गोंधळ होतो, हे मला तिसऱ्यांदा फोन केल्यावर कळलं.

दरम्यान घरच्यांना विचारून झालं होतं. आमच्या ह्यांनी ‘डारोळा’ ऐकून मान हलवली, “असेल.” शेजारच्या वहिनी माझ्याहून पक्क्या कोडेबाज आहेत, त्यांचंही याच जागी अडलं होतं, आणि मी माझी अक्षरं सांगितल्यावर त्यांनीही डारोळाच भरून टाकलं. भाच्याने मोबाइलवरच्या एआयला विचारलं, तर त्याने ‘पाणवठा’ दिलं आणि ते तीन अक्षरी आहे असं ठामपणे सांगितलं. मग मी मामांना फोन लावला. मामा फलटणकडे असतात, ऐंशीच्या पुढे आहेत, आयुष्यभर शेती केली. मी विचारलं, “मामा, डारोळा म्हणजे काय हो? विहिरीपाशी असतो का?” ते म्हणाले, “न्हाई गं बाई, असलं काय ऐकलं न्हाई.” मला वाटलं, वयामुळे विसरले असतील. आज हे लिहिताना वाईट वाटतं.

शब्दकोशांत शोधणं तर रोजच चाललं होतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७ची) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (सात खंड, १९३२ ते १९३८, पुरवणी १९५०) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. बृहद्कोश नावाचं संकेतस्थळही आहे, त्यात बरेच मराठी कोश एकाच ठिकाणी शोधता येतात. कोडी सोडवणाऱ्यांनी ही ठिकाणं मोबाइलवर खूण करून ठेवावीत. डारोळा कशातच नव्हता. तरी मला वाटलं, मी टंकायला चुकत असेन. म्हणून १९ला सकाळी उठून आमच्या गावातल्या वाचनालयात गेले आणि दाते-कर्वेंचा ‘ड’चा खंड काढायला लावला. केवढं जाड पुस्तक! डाम, डामरट, डाव, डावा… डारोळा नाही.

तिथल्या ग्रंथपाल बाईंनी मला शांतपणे एकच प्रश्न विचारला, “तुमचं पहिलं अक्षर पक्कं आहे का?”

मी घडी घातलेलं कात्रण पर्समधून काढलं. ‘पी’च्या घरातून आडवा शब्द जातच नव्हता. म्हणजे पीडा हा माझा निव्वळ अंदाज होता आणि तो मी पेनाने लिहिला होता. पेनाने लिहिलं की ते खरं वाटायला लागतं. कोश अक्षरांच्या क्रमाने असतो, पहिलंच अक्षर चुकलं तर खंडच चुकतो. पाच दिवस मी चुकीच्या खंडात शोधत होते, आणि वर प्रत्येकाला तेच चुकीचं अक्षर देत होते. वहिनींना, ह्यांना, मामांना. मी कोणाला प्रश्न विचारलाच नव्हता, माझं उत्तर त्यांच्याकडून वदवून घेत होते.

वाचनालयाच्या पायरीवर उभी राहूनच मामांना फोन लावला. या वेळी एकही अक्षर सांगितलं नाही. नुसतं वाचून दाखवलं, “मामा, मोटेतलं पाणी जिथे ओततात त्या जागेला काय म्हणतात?”

“थारोळं,” मामा म्हणाले. एका क्षणाचाही विचार नाही. “बैलं धावेवरनं, म्हंजी विहिरीपासल्या उतारावरनं, खाली गेली की मोट वर येती. मग तिच्या सोंडेतनं, म्हंजी कातड्याच्या नळीतनं, पाणी थारोळ्यात पडतंय, तिथनं पाटाला. अगं तुझी आई लहानपणी थारोळ्यात बसून आंघोळ करायची.” मग ते नाडा आणि सोंदूर हे मोटेचे दोर, मोटेवरची गाणी, सगळं सांगत राहिले. अर्धा तास मी उन्हात उभी होते आणि मला फोन ठेवावासा वाटत नव्हता.

थारोळे. था-रो-ळे. आपण हा शब्द रोज वाचतो, ‘रक्ताच्या थारोळ्यात’. बातम्यांत तेवढाच उरला आहे तो. पाणी साठण्याची जागा म्हणून तो माझ्यासमोर कधी आलाच नव्हता.

मग बाकीचं आपोआप सुटलं. पीडा नाही, व्यथा. आणि डोळा नाही, डोळे, कारण खूण ‘लोचन’ नव्हती, ‘लोचने’ होती. बारीक छपाईतली ती एक मात्रा मी वाचलीच नव्हती. खूण अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनीच असतं, हे मला माहीत होतं. घाईत नजर गेली नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. जुन्या कोशांत शब्द जुन्या शुद्धलेखनाने आहेत. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे त्याआधीचे. त्यामुळे तिथे ‘थारोळे’ नाही, ‘थारोळें’ शोधा. शब्द सापडत नसेल तर शेवटी अनुस्वार देऊन एकदा बघाच.

आता मी कोडं पेन्सिलनेच भरते. ज्या अक्षराला दुसऱ्या शब्दाचा आधार नाही त्याखाली टिंब देते, आणि कुणाला विचारताना फक्त खूण आणि अक्षरसंख्या सांगते. वहिनींनाही तसंच सांगितलं आहे.

२१ तारखेला पेपरात उत्तर आलं, आतल्या पानावर, छोट्या चौकटीत. १४ आडवा: थारोळे. ते कापून वहीत चिकटवलं आणि शेजारी मामांचे शब्द लिहिले: धाव, नाडा, सोंदूर, सोंड, पाट. मोटेच्या चाकाला त्यांच्याकडे काय म्हणतात ते विचारायचं राहिलं आहे. रविवारी फोन करणार आहे.