ॲमस्टरडॅम: चढताना टेकवलेलंच कार्ड उतरताना टेकवा

निघण्याआधी आम्हाला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: तिकडे तिकीट काढायची भानगड नाही, बँकेचं कार्ड टेकवायचं आणि चढायचं. ही माहिती अर्धवट आहे. उरलेलं अर्धं कुणी सांगितलं नाही, आणि पैसे तिथेच जातात.

2023 पासून नेदरलँड्सभर ट्रेन, मेट्रो, ट्राम आणि बसमध्ये साधं व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं. भाडं अंतरावर ठरतं, म्हणून चढताना टेकवायचं तसं उतरतानाही टेकवायचं. उतरताना राहिलं, तर ट्राम-बस-मेट्रोला 4 युरो आणि ट्रेनला 20 युरो कापले जातात. शिवाय माणशी एक कार्ड लागतं. एका कार्डावर आई-बाबा दोघे जाऊ शकत नाहीत.

आमचा खरा त्रास स्खिपोल विमानतळ ते शहराच्या दक्षिणेचं झाउड स्टेशन एवढ्याच टप्प्यात झाला. गाडी जेमतेम दहा मिनिटांत पोचते. पण स्खिपोलला फाटकं नाहीत, कार्ड टेकवायचे नुसते खांब उभे आहेत. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर बॅगा ओढत माणूस त्यांच्या शेजारून सरळ निघून जातो. बाबांनी तिथे कार्ड टेकवलं. झाउडला कार्ड बॅगेत खाली गेलेलं, म्हणून फाटकावर त्याच खात्याचा मोबाइल लावला. खातं एकच असलं की मोबाइल काय नि कार्ड काय, असं आम्हाला ठामपणे सांगितलेलं होतं. साफ खोटं! यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी कार्डं. एकाचा प्रवास संपलाच नाही आणि दुसऱ्याचा नव्याने सुरू झाला. दहा मिनिटांच्या प्रवासाला दोनदा 20 युरो गेले. त्या दिवशी मला दुसरं काही सुचत नव्हतं.

असं झालं तर गप्प बसू नका. दिवसभराची रक्कम रात्री एकत्र कापली जाते. बँकेच्या नोंदीत 'एनएलओव्ही'ने (NLOV) सुरू होणारा कोड असतो. तो ओव्हीपेच्या (कार्ड टेकवून भाडं भरायची हीच सोय) संकेतस्थळावर टाकला की सगळा प्रवास दिसतो, आणि राहून गेलेलं चेक-आउट, म्हणजे उतरतानाचं टेकवणं, दुरुस्त करून मागता येतं.

झाउडला ट्रेनमधून मेट्रोत जायचं असेल तर आधी ट्रेनच्या फाटकातून कार्ड टेकवून बाहेर पडा, मग मेट्रोच्या फाटकाला पुन्हा टेकवा. फलाट शेजारी दिसले तरी हिशेब वेगळा. ट्राम, बस आणि मेट्रो एकमेकांत बदलताना मात्र 35 मिनिटांच्या आत पुढची गाडी पकडलीत तर चढतानाचा ठरावीक मूळ आकार पुन्हा लागत नाही.

ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या अमस्टेलवेनला नातेवाइकांकडे उतरणारे मराठी लोक पुष्कळ आहेत. त्यांना माझा सल्ला: सामान असेल तर झाउडला जाऊन 25 नंबरची ट्राम पकडूच नका. झाउडला वर्षानुवर्षं बांधकाम चालू आहे आणि बॅगांसकट तिथे वाट शोधणं म्हणजे छळ आहे. स्खिपोलहून 300 नंबरची बस थेट अमस्टेलवेनला जाते. सामान नसताना 25 उत्तम. 2024 पासून ती पार आउटहोर्न गावापर्यंत जाते.

दिवसाचा पास? दिवसातून दोनदाच ट्राममध्ये बसणार असाल तर घेऊ नका. घेतलात तर तो पहिल्यांदा टेकवल्यापासून 24 तास चालतो, म्हणजे दुपारी सुरू करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही वापरा. स्खिपोलच्या ट्रेनला शहराचा साधा पास चालत नाही. पास असला तरी चढता-उतरता टेकवायचा असतोच. आणि रोख विसरा, ट्राममध्ये घेत नाहीत.

मध्यवर्ती स्टेशनपासून दक्षिणेकडे जायला 52 नंबरची मेट्रो घ्या, गर्दीची ट्राम नको. बाकीचे दिवस सुरळीत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मध्यवर्ती स्टेशनच्या मागून 'आय' नावाचं पाणी ओलांडणाऱ्या फेरीबोटी मात्र चुकवू नका. त्या फुकट आहेत, कार्ड कुठेच टेकवायचं नाही. आई तर पलीकडे जाऊन लगेच दुसऱ्या फेरीने परत आली आणि म्हणाली, अजून एकदा जाऊया.