बेरा आणि बंदी

बेरा या श्रवणचाचणीला मूल गाढ झोपलेलं लागतं. कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड लावायचे, कानात टिकटिक सोडायची आणि मेंदूपर्यंत काही पोचतंय का ते पडद्यावरच्या लहरींत बघायचं. मूल हललं की सगळा विचका. म्हणून आम्ही पालकांना सांगतो, रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा. पण देवगडच्या खाडीकाठचं मूल एसटीत वळणावळणाला डुलक्या काढतं आणि आमच्या दारात टवटवीत होऊन उतरतं. मग झोपेचं औषध, मग वाट बघणं, तोवर परतीच्या गाडीची वेळ.

मी ज्याच्याबद्दल सांगतेय, त्या मुलाच्या वडिलांनी त्याला सबंध वाट खिडकीशी उभं धरून जागं ठेवलं होतं. ते ट्रॉलरवर खलाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणून येऊ शकले. आई काजूच्या कारखान्यात, खाडा केला की त्या दिवसाचा रोज बुडतो.

मुलगा साडेचार वर्षांचा, एक शब्द नाही. अंगणवाडीतल्या कार्डावर ‘ऐकणे’समोर कुणीतरी ‘ठीक’ लिहिलेलं. एका डॉक्टरांनी मोबाइल बंद करायला सांगितलं होतं. हल्ली प्रत्येक आजाराचं खापर मोबाइलवर फोडलं की तपासायचे कष्ट वाचतात.

‘‘तेका आयकाक येता गो बाय,’’ आजी म्हणाली, ‘‘ताट वाजला की धावत येता.’’

चाचणीआधी मी त्याला ठोकळ्यांच्या पाटीवर बसवलं. तारा, चौकोन, अर्धगोल, सगळं भराभर जागेवर. मागून ताट वाजवलं, त्याने लगेच वळून पाहिलं. आजी विजयी. मी मात्र वडिलांकडे बघत होते. ताट वाजताक्षणी त्यांची नजर माझ्याकडे वळायची आणि मुलगा ती नजर पकडायचा. वडील आणि आजी दोघांना जमिनीकडे बघायला सांगितलं आणि पुन्हा जोरात वाजवलं. मुलगा शांतपणे अर्धगोल बसवत राहिला.

बेरामध्ये दोन्ही कानांना ९० डेसिबलच्या मोठ्या आवाजालाही पाचवी लहर, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचल्याची खूण, दिसली नाही.

इथून पुढे माझी झोप उडते. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत जन्मजात बहिरेपणाच्या कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राला, वयाची मर्यादा पाच वर्षं. याला नोव्हेंबरमध्ये पाच पूर्ण होतात. त्याआधी श्रवणयंत्र लावून काही महिने बघावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो सहा ते अठरा वर्षांना. भाषा रुजण्याची वर्षं सहाच्या आधी सरतात, हे कायदा लिहिणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं.

आणि शस्त्रक्रियेने मूल आपोआप बोलत नाही. पुढची काही वर्षं नेमाने थेरपी लागते, नाहीतर लाखोंचं यंत्र डोक्यात असून उपयोग नाही. मी हे सगळं सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मॅडम, ऑगस्टात मी बोटीर. मगे हेका हंय कोण आणतलो?’’

आजी म्हणाली, मी आणीन. तिला एसटीची पायरी चढतानाच धाप लागते.

फॉर्ममध्ये थेरपीला नियमित आणण्याची हमी पालकांनी द्यायची होती. वडील पेन धरून थांबले. ‘‘होय लिवू?’’

मी लिहा म्हटलं. हमी नसेल तर फाइल पुढे सरकत नाही, आणि नोव्हेंबर काही थांबणार नव्हता. थेरपीच्या पहिल्या तारखेला कोण येणार हे मात्र अजून ठरलेलं नाही. आईच्या मुकादमाशी मी फोनवर बोलले आहे, आठवड्यातून एक दिवस सुट्टी देतो का ते बघतो म्हणालाय.