सात वाजता रांगेच्या शेवटी

सप्टेंबर २०२५ मधली ती शुक्रवारची रात्र इथे अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांना आठवत असेल. एच-१बीच्या, म्हणजे इथे नोकरी करायच्या व्हिसाच्या, अर्जावर एक लाख डॉलर फी लावायचा आदेश निघाला आणि कोणालाच काही कळेना. सुट्टीवर भारतात गेलेली मंडळी मिळेल त्या विमानाचं तिकीट शोधायला लागली. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की फी फक्त नव्या अर्जांना आहे, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका रात्रीत जी धास्ती पसरली होती, ती काही त्या खुलाशाने गेली नाही. त्यात १ ऑक्टोबरला शटडाउन सुरू झालं, म्हणजे खर्चाला मंजुरी नाही म्हणून केंद्र सरकारचं बरंचसं कामकाज बंद पडलं, आणि ते ४३ दिवस चाललं. मी व्हर्जिनिया राज्यात फेअरफॅक्स काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहते. इथे शेजारीपाजारी कोणी ना कोणी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, नोकरीत असतंच. त्यांचे पगार थांबले.

"या देशाचं आता काही खरं नाही" हे तेव्हापासून सतत कानावर पडतं. बोलणारी माणसं माझीच आहेत आणि त्यांची काळजी खोटी नाही, म्हणून मी वाद घालत नाही. पण मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते इथे नीट लिहून ठेवते आहे.

नागरिक झाल्यावर मी काउंटीकडे अर्ज करून इलेक्शन ऑफिसर, म्हणजे मतदान केंद्रावर काम करणारी, झाले. मतदान सकाळी सहाला सुरू होतं, म्हणजे आम्हाला पहाटे पाचला हजर व्हावं लागतं. पहिलं काम असतं मतपत्रिका मोजणाऱ्या स्कॅनरमधून शून्याची पट्टी छापून घ्यायचं. प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे शून्य आहे हे बघून आम्ही सगळे तिच्यावर सह्या करतो. आमचे चीफ, म्हणजे केंद्रप्रमुख, एका पक्षाकडून नेमलेले, असिस्टंट चीफ दुसऱ्या पक्षाकडून. नियमच तसा आहे. चीफ निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांची आणि माझी मतं बहुतेक कुठल्याच प्रश्नावर जुळणार नाहीत. तरी मतपत्रिकांचे गठ्ठे मोजताना ते मला एकदा मोजायला लावतात, मग स्वतः मोजतात, आणि दोन्ही आकडे जुळले की मगच पुढे जायचं. माझ्यावर त्यांचा अविश्वास आहे असं मला एकदाही वाटलेलं नाही. आम्ही दोघंही त्या आकड्याची राखण करत असतो.

४ नोव्हेंबर २०२५ ला शटडाउन सुरूच होतं. राज्याच्या गव्हर्नरची निवडणूक होती. पगार न मिळालेली माणसं रांगेत उभी होती. टेबलापाशी येऊन नाव सांगायचं, पत्ता सांगायचा, आम्ही पोलबुकात, म्हणजे मतदार यादीत, खूण करायची, मतपत्रिका हातात द्यायची. ज्यांना गाडीतून उतरणं जमत नाही त्यांच्यासाठी दोघांनी मतपत्रिका घेऊन पार्किंगमध्ये जायचं. एक आजी गाडीत बसून दहा मिनिटं मतपत्रिका वाचत होत्या. मागची बाजूही त्यांनी उलटून पाहिली, मग पेन मागितलं. त्यांना घाई करावी असं आमच्यापैकी कोणालाही वाटलं नाही.

संध्याकाळी सातला एक ऑफिसर बाहेर जाऊन रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या मागे उभा राहतो. त्याच्या पुढे जे आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं, मग कितीही उशीर होवो. या वेळी ते काम माझ्याकडे आलं. सर्वांत शेवटचा तरुण कामावरून धावत आला होता, अजून धापा टाकत होता. "मी वेळेत आलो ना?" त्याने विचारलं. आलास, म्हटलं. या देशाबद्दल मला जे काही वाटतं त्यातलं बरंचसं त्या एका उत्तरात होतं.

एका मताने काय होतं, हा प्रश्न निदान व्हर्जिनियात तरी कोणी विचारू नये. २०१७ मध्ये राज्याच्या विधानसभेच्या ९४ व्या मतदारसंघात फेरमोजणीनंतर शेली सायमंड्स प्रतिस्पर्धी डेव्हिड यान्सी यांच्यापेक्षा एका मताने पुढे होत्या. मग एका वादग्रस्त मतपत्रिकेवर न्यायाधीशांनी निर्णय दिला आणि दोन्हीकडे ११,६०८ मतं झाली. ४ जानेवारी २०१८ ला दोन नावं फिल्मच्या डब्यांत घालून एका चिनी मातीच्या भांड्यातून चिठ्ठी काढली. यान्सी निवडून आले आणि सभागृह ५१ विरुद्ध ४९ असं त्यांच्या पक्षाकडे राहिलं. सायमंड्सबाईंनी २०१९ मध्ये पुन्हा अर्ज भरला आणि त्या वेळी त्या जिंकल्या. चिठ्ठीत हरल्यावर परत दारोदार फिरायला किती बळ लागलं असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

आपल्या लोकांची गोष्ट तर याहून लांब पल्ल्याची आहे. १९२३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना ते 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं. कायदा बदलायला १९४६ उजाडलं. दलीपसिंग सौंद यांच्यासारख्यांनी कॅलिफोर्नियात शेती करता करता त्यासाठी खटपट केली होती. १९५६ मध्ये तेच सौंद काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. १९२३ ते १९४६ या तेवीस वर्षांत किती जणांनी हात टेकले असतील, किती जण परत गेले असतील! त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण मला आज मत देता येतं ते जे टिकून राहिले त्यांच्यामुळे.

ग्रुपवर एका मैत्रिणीने विचारलं, "ताई, आमच्याकडे ग्रीन कार्डसुद्धा नाही, आम्ही काय करणार?" प्रश्न रास्त आहे. मत देता येत नाही आणि ऑफिसरही होता येत नाही. पण मुलं इथल्या शाळेत असतील तर स्कूल बोर्डाच्या, म्हणजे शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या, सभेत नाव नोंदवून बोलता येतं. काँग्रेसच्या प्रतिनिधीच्या ऑफिसात फोन करता येतो. तिथे बहुधा एखादा तरुण कर्मचारी फोन घेतो, झिप कोड विचारतो आणि कुठल्या विषयावर काय म्हणणं आहे ते लिहून घेतो. एकच विषय धरावा, दोन वाक्यांत सांगावं आणि स्वतःच्या घरावर काय परिणाम होतोय ते आधी बोलावं. त्या मैत्रिणीने केला फोन. आवाज थरथरत होता म्हणाली, पण पूर्ण बोलली.

आणि बातम्या मी आता सकाळी एकदा आणि रात्री जेवणाआधी एकदा बघते. झोपताना फोन दुसऱ्या खोलीत असतो. एवढं केल्याशिवाय मला बाकीचं काही झेपत नाही.

३ नोव्हेंबर २०२६ ला मिडटर्म, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर येणारी काँग्रेसची निवडणूक, आहे. ऑफिसर व्हायला व्हर्जिनियात नोंदलेला मतदार असावं लागतं आणि थोडं प्रशिक्षण घ्यावं लागतं, मुख्यतः एवढंच. मराठी बोलणारं आणखी कोणी आमच्या टेबलावर बसलं तर मला फार आनंद होईल. अर्ज काउंटीच्या इलेक्शन ऑफिसच्या वेबसाइटवर असतो. भरताना काही अडलं तर मला विचारा, मी बसून भरून देईन.